अर्थिंग

गाडी बेला लागली की आधी क्लिप.
मग बाकीचं: कागद, झाकण, नळी, सलाम.
हिरवा दिवा लागेपर्यंत व्हॉल्व्हला हात नाही.
एकोणीस वर्षं हेच सांगतोय मी
फुजैराच्या तेलडेपोत, तीन भाषांत आणि एका शिवीत:
तेल नुसतं वाहत नाही रे बाबांनो,
पाइपाला घासत घासत
कुणाचं तरी काहीतरी उचलून नेतं.
ते जमिनीला परत द्यायचं.
नाहीतर ठिणगी.

गेटसमोर कुट्टीची टपरी.
ड्यूटी सुटली की दाऊदभाई परकारांची सुमय्या तिथे
बापाची वाट बघत बसलेली असते,
अकरावीचं दप्तर, चीज पराठा, आणि एक प्रश्न.
कालचा हा:
"डाबरेकाका, केंद्रक इलेक्ट्रॉनला ओढतं,
तर तो आत पडत का नाही?"

मी कपाच्या काठावरून बोट फिरवलं.
"चंद्र पडतो का? तसंच."
"ते जुनं झालं काका.
फिरणारा प्रभार उजेड सांडत जातो.
सांडत सांडत, पापणी लवायच्या कितीतरी आधी,
आत जाऊन आपटला असता.
हा चहा नसता. कुट्टी नसता."
कुट्टीने नाव ऐकून मान वर केली.

शब्द मात्र माझे. तिला इंग्रजीतले येतात,
मी तिला आगाशीच्या शाळेतले दिले:
धनप्रभार, ऋणप्रभार, केंद्रक.
"ऋण म्हणजे कर्ज ना?" ती हसली.
"म्हणजे कर्जदार सावकाराभोवती?"
मी म्हटलं, नाव ठेवणारा कधीतरी
या किनाऱ्यावर येऊन गेला असावा.
"पण सावकार कुठला?" तिने पेन्सिल आपटली.
"दोघं एकमेकांना सारखंच ओढतात. अगदी तेवढंच.
जड असतो तो कमी हलतो, बस."

हे मी जरा वेळ तसंच राहू दिलं.

आमची सेलेस्तिन फोनवर
विहिरीच्या मोटारीबद्दल बोलते,
पानवेलीवर पडलेल्या रोगाबद्दल,
कुणाच्या बारशाबद्दल.
ये, असं एकदाही म्हणाली नाही.
मी समजत होतो, ओढ इकडूनच आहे.

"मग पडत का नाही?"
आता मीच विचारलं.
"जितक्या लहान जागेत कोंडाल
तितका तो जास्त तडफडतो. त्याचा स्वभावच तो.
ओढ आत खेचते, तगमग बाहेर.
दोघींचं जिथे जमतं, तेवढा अणू."

बारा बाय दहाची खोली. आठ माणसं.
सावर्ड्याचा एक गुरव होता,
रात्रभर दोन बंकांच्या फटीत येरझारा घालायचा,
चार पावलं, वळण, चार पावलं.
आम्ही चप्पल फेकून मारायचो त्याला.

समुद्रावर तोवर दिवे लागले होते,
नांगर टाकून थांबलेली साठ-सत्तर जहाजं.
मी म्हटलं, हे बघ, हे मला येतं:
नांगरलेलं जहाजही एका जागी नसतं.
साखळी जेवढी सोडलीय तेवढ्या गोलात
कुठेतरी असतं.
वारा सांगेल तिथे, ओहोटी म्हणेल तिथे.
रात्री नेमकं बोट ठेवू नये.
गोल तेवढा खरा.
तिने ते वहीत लिहून घेतलं,
माझं नाव घालून, चुकीच्या स्पेलिंगने.

साखळी वाढव, दुप्पट लांब जा,
ओढ चौथाई राहते.
तिप्पट जा, नववा हिस्सा.
मी कागदी रुमालावर भागत गेलो
आगाशीपर्यंत.
शून्य काही येईना.

दाऊदभाईंनी हॉर्न दिला.
डोंगराकडून कोरडा वारा सुटला होता.
तिने गाडीच्या दाराला हात लावला,
टिच्च,
एवढंसं निळं.
"आई गं!" म्हणाली, आणि बोट तोंडात घालून
हसत आत बसली.

मी कुट्टीचे दोन दिरहम दिले.
आगाशीला साडेनऊ वाजले असतील.
मोटारीचं विचारायला हवं.